डिंकाची सलग रेघ

मंगळवार, १६ सप्टेंबर

प्रिय व्रोनी,

आज शाळा सुरू झाली. आठच्या घंटेआधीच आपल्या खिडकीखालून पहिलीची पोरं गेली. प्रत्येकाच्या मिठीत खाऊने भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकू, आणि शंकूच्या वरून दिसतात ते फक्त डोळे. एका मुलीचा शंकू तर तिच्याहून उंच होता. तिची आई मागून चालत त्याचं टोक उचलून धरत होती, नवरीचा लांब झगा धरावा तसं. मी खिडकीत उभी राहून सगळी मोजली. एकोणीस भरली. तुझ्या वर्षी बेचाळीस होती. गाव म्हातारं होत चाललंय, आणि त्यात मीही आलेच.

पत्र बघून तुला नवल वाटेल. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर तू न चुकता फोन करतेस. तिकडे कीलला वारा किती सुटला होता ते तू सांगतेस, मी गुडघ्याचं सांगते, आणि दहा मिनिटांत दोघीही 'बरं मग' म्हणतो. त्या 'बरं मग'च्या पलीकडे एक गोष्ट आहे, ती मला फोनवर कधी जमली नाही. म्हणून आज वही घेतली. बाबा कारखान्यातून आणायचे त्यातलीच, रेघा तिरक्या छापल्या म्हणून नाकारलेली. अशा अजून अकरा आहेत, माझ्या हिशेबांना मरेपर्यंत पुरतील. अक्षर उताराला लागलेलं दिसलं तर दोष वहीचा समज, माझा नको.

तुझा शंकू बाबांनी केला होता, आठवतं? निळा पुठ्ठा, वर चांदीच्या कागदाचे तारे. आत मी अक्रोड, सफरचंदं आणि मधाची बिस्किटं भरली, आणि तळाशी बाबांनी कारखान्यातला चोवीस रंगांचा संच ठेवला. शाळेच्या अंगणात तू सगळं बाहेर फेकून आधी तो संच काढलास. वर घट्ट प्लास्टिक. नखं घसरायला लागली तशी तू दात लावलास, आणि पुढचा हलता दात त्या प्लास्टिकला चिकटून बाहेर आला. त्या दिवसाच्या फोटोत म्हणूनच तुझी हनुवटी रक्ताने माखलेली आहे. बाबांनी खिशातल्या चाकूने प्लास्टिक चिरलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "बघ, उन्हात रंग कसे चमकतात. हे प्लास्टिक मी चढवलंय." आणि तू दाताच्या फटीतून विचारलंस, "मग ते उघडत का नाही?" सगळं अंगण हसलं. बाबा पुढे कितीतरी वर्षं पबमध्ये हे सांगायचे. तुझ्यासमोर मात्र कधी सांगितलं नाही, कौतुक समोर करायची त्यांची रीत नव्हती.

एकतीस वर्षं ते प्लास्टिक चढवायच्या त्या भट्टीवर होते. एकदा कारखाना बघायला घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा त्यांनी मला तिथे उभं केलं. पेन्सिलींचा संच प्लास्टिकच्या सैल पिशवीत आत जायचा, आणि गरम हवेतून बाहेर येताना ती पिशवी अंगाला चापून बसलेली असायची. "एक सुरकुती दाखव बुर्गल," ते म्हणाले, "एक दाखव." मला नाही सापडली. इतकी वर्षं इस्त्री करत आले, पण त्या दिवशी मला त्या यंत्राचा हेवा वाटला.

ती भट्टी गेली, व्रोनी. जुलैत. मी बाबांच्या थडग्यावरच्या बिगोनियांना पाणी घालून येत होते तर कारखान्याच्या फाटकाशी मोठा ट्रक उभा. बाबांच्या बरोबरीचा गुस्टल निवृत्त झाला तरी रोज फाटकाशी येऊन उभा राहतो, घरी बसवत नाही त्याला. बाबांचं नाव घेऊन तो म्हणाला, "वहिनी, किलियनची भट्टी चालली. भंगारात नाही हो, विकली, कुठेतरी पूर्वेकडे." मोठ्या दुकानवाल्यांनी कळवलंय म्हणे, पुढच्या शाळेच्या हंगामापासून वह्या-पेन्सिलींवर प्लास्टिक दिसलं तर माल परत. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. ट्रक वळला तेव्हा मी मारिया माउलीची एक प्रार्थना म्हटली. यंत्रासाठी प्रार्थना, देव मला क्षमा करो. पण त्या भट्टीवर झाकलेली ताडपत्री बाबांनी शिवलेली होती, मी ती टाक्यांवरून ओळखली.

घरी माझं बरं चाललंय. शेजारची हिल्डे मुलीकडे राहायला गेली, तिच्या खिडक्यांच्या झडपा मार्चपासून बंद आहेत. सकाळी उठून मी अजून तिच्या खिडकीकडे बघून हात करते, मग आठवतं. रविवारी बटाट्याचे गोळे करायचे सोडले नाहीत, पण एकटीसाठी ते नीट होत नाहीत. दोनच पाण्यात सोडले तर मोठ्या पातेल्यात ते एकमेकांना शोधत फिरतात. लहान पातेलं घ्यावं म्हणशील, पण लहान पातेलं काढायचं म्हणजे मान्यच करायचं ना. पावाचा अर्धाच लोफ आणते आता. बेकरीतली पोरगी विचारायची, "अर्धा?" परवापासून विचारत नाही, मला बघितलं की अर्धा कापूनच ठेवते. चांगली आहे पोरगी. पण विचारायची तेव्हा बरं वाटायचं.

गेल्या गुरुवारी कारखान्याचे धाकटे मालक आले होते. थोरले आता अंथरुणावरच असतात, कारभार सगळा यांच्याकडे आलाय. दारात उभे राहून त्यांनी इतका वेळ बूट पुसले की मला पायपुसण्याची दया आली. आलुबुखाराचा केक केलेला होता, एकटीने संपणार नव्हताच, म्हणून कॉफी ओतली. दोन तुकडे खाऊन, तिसऱ्याकडे बघत, ते मुद्द्यावर आले. बाहेरच्या एका कंपनीने त्यांना पुठ्ठ्याच्या बंद पेट्या करून दाखवल्यात. भक्कम आहेत, वेळेवर मिळतील, पण आत कोणता रंग आहे ते बाहेरून कळत नाही. "शवपेट्या आहेत वाइगांडबाई, पेन्सिलींच्या शवपेट्या," ते म्हणाले, आणि बाबांचं आठवून जीभ चावली.

मग तू कारखान्यात असताना केलेल्या वेष्टनाचा विषय निघाला. एका अखंड कागदाची घडी, त्याला एकच सांधा, आणि वरच्या फटीतून बारा पेन्सिलींची बुडं डोकावणारी, म्हणजे मुलाला रंग दिसतो आणि बोटही लावता येतं. सहा वर्षांनी त्यांना ते बारीकसारीक तपशिलासह आठवत होतं. गेल्या महिन्यात त्यांनी तुला फोन केला होता म्हणे. तू मला बोलली नाहीस, बोलायलाच हवं असं नाही. तू त्यांना सांगितलंस की ती घडीच चुकीची होती, जाड कागद आतून सांध्याला ढकलतो, तुला ते तेव्हा कळायला हवं होतं, आणि आता तू बंदरावर जहाजांच्या मालाची कागदपत्रं बघतेस तेच बरं आहे. "जिने केलं तीच असं म्हणते, तर आपण काय बोलणार," ते म्हणाले. या महिनाअखेरपर्यंत थांबतील. मग बंद पेट्यांवर सही. निघताना टोपी हातात धरून त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा घरीच होतात ना, नेमकं काय बिघडलं होतं?" मी केकचा तिसरा तुकडा कागदात बांधून त्यांच्या हातात दिला.

पण मी ठरवलं की त्यांना कळायच्या आधी तुला कळायला हवं. आज मंगळवार. पाच दिवस मी या पत्राभोवती फिरतेय, आणि पत्रातसुद्धा अजून फिरतेच आहे.

आपल्या घरात कागद कसा जपला जायचा ते तुला सांगायला नको. बोळातल्या कपाटाचा खालचा खण अजून तसाच आहे. नाताळच्या झाडाखालचा कागद कुणी फाडून काढलाय असं या घरात झालं नाही. तुझ्या आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, मला लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला ते शिकवलं. लोण्याची बोथट सुरी घ्यायची, चिकटवलेल्या जागी हळूच सरकवायची, कागद सुटला की पाठीवर मंद इस्त्री, आणि खणात. त्यातला हिरवा, सोनेरी घंटांचा कागद मी तुझ्या बारशाच्या आधीपासून बघतेय. म्हणून काही बांधायचं ते पुढच्याला सोडता येईल असं बांधायचं, हे वळण माझ्या हातालाच लागलेलं. शिक्षण माझं शाळेपुरतं, पण ही एक विद्या मला येते असं मी मानत आले. तू थोरल्या मालकांना पहिल्यांदा तुझं वेष्टन दाखवलंस तेव्हा म्हणालीस ना, "आमच्या घरी कागद कचऱ्यात जात नाही, इस्त्रीखाली जातो." ते गुस्टलच्या बायकोने मला चर्चच्या पायरीवर सांगितलं. आठ दिवस माझा गुडघा दुखला नाही.

बाबांना ते वेष्टन आवडलं नाही, हे खरं. प्लास्टिकमधून दिसतं तसं कशातून दिसणार, कागद ओला होतो, कागद चुरगळतो, कागदात चीजचा पाव बांधतात, असं सगळं ते बोलले. फ्रँकफर्टच्या व्यापारी मेळ्यासाठी तुला चारशे नमुने हवे होते आणि त्यांनी तुला डिंकाच्या यंत्रावर वेळ दिला नाही. "प्रयोग घरी करा. इथे काम चालतं," असं त्यांनी तुला कामगारांसमोर सुनावलं. मग तू छापलेले चारशे कागद गाडीत घालून स्वयंपाकघरात आणलेस, पांढऱ्या डिंकाच्या बाटल्या आणल्यास, पेन्सिलींची खोकी आणलीस. दोन दिवस आपण ओट्याजवळच उभ्याने जेवलो, कारण टेबलावर जागाच नव्हती. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस मला फार आवडले होते. तू मोठी झाल्यापासून माझ्याशेजारी बसून असं काम केलंच नव्हतंस.

तू मला दाखवून दिलं होतंस. नीट दाखवलं होतंस. कागद दुमडलास, कडेवर बाटलीचं टोक टेकवलंस आणि म्हणालीस, "आई, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सलग रेघ. मध्ये तोडायची नाही." शंभर तू स्वतः केलेस, एका खोक्यात रचलेस. मग फ्रँकफर्टहून फोन आला की स्टॉल मांडायला माणूस कमी पडतोय, आणि तू निघालीस. उरलेले तीनशे माझ्यावर टाकून गेलीस. दारात माझ्या कपाळाचं चुंबन घेतलंस तर तुझ्या हाताच्या डिंकाला माझे दोन केस चिकटून उपटले गेले, दोघी किती हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी येऊन चारही खोकी घेऊन गेली. तुझं खोकं सगळ्यांत आधी चढवलं, म्हणून ते तळाशी गेलं.

पुढचं तुझ्या तोंडून ऐकलंय, आणि गावाच्या तोंडून त्याहून जास्त. तू वरच्या खोक्यांतल्या संचांचा मनोरा रचलास. दिव्यांची उष्णता. दुपारी त्या मोठ्या दुकानवाल्यांची बाई खरेदीला आली, तिने मनोऱ्यातला एक संच उचलला, आणि तो हातातच उकलला. मग त्याच्या शेजारचा, मग खालचा. पेन्सिली जमिनीवर घरंगळत समोरच्या स्टॉलपर्यंत गेल्या, तू गुडघ्यांवर बसून गोळा करत होतीस, आणि तिच्याबरोबरचा कुणीतरी म्हणाला, "निदान रंग तरी दिसले." ते वाक्य तुझ्याआधी गावात पोचलं.

त्या संध्याकाळी तू फोन केलास. रडत नव्हतीस, त्यानेच मी घाबरले. म्हणालीस, "आई, घडीच चुकली माझी. कागद ताणतोय." मी एका हातात फोन धरला होता. दुसऱ्या हाताखाली टेबलावर डिंकाच्या बाटल्या होत्या, दोन तशाच, न फोडलेल्या. तीनशे वेष्टनांना त्यातली निदान एक तरी लागायला हवी होती. मला तिथेच, त्या क्षणी कळलं. आणि मी म्हणाले, "घरी ये, सूप ठेवलंय, गरम करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाशी बाबा म्हणाले, "कागद तो कागदच." तू चमचा पालथा ठेवलास. हे तुझ्या मनात किती खोल गेलंय ते मला माहीत आहे. पण एक सांगू? ते वाक्य ते त्यानंतर कधीच बोलले नाहीत. तुझ्यासमोर नाही, पबमध्ये नाही, आणि थोरल्या मालकांनी आणखी सहा वर्षांचं प्लास्टिक मागवलं तेव्हासुद्धा नाही. मेळ्यातून खोकी परत आली सोमवारी. ती उतरवून घेतली बाबांनी. ईस्टर झाल्यावर तू राजीनामा दिलास आणि कीलला गेलीस, आणि स्टेशनवर त्यांनी तुझी बॅग डब्यात चढवून दिली ती कसलंही न बोलता. तुला वाटलं ते जिंकल्याच्या तोऱ्यात आहेत. मलाही तसंच वाटलं होतं.

मग गेला नोव्हेंबर. त्यांना मातीत ठेवून आपण सगळे खानावळीत जेवायला बसलो होतो, आणि गुस्टलने, मन वाईट नाही त्याचं, नुसतं वातावरण हलकं करायला, कुणाच्या तरी हातून दात कोरायच्या काड्यांचा डबा सांडला तेव्हा म्हटलं, "निदान रंग तरी दिसले." दोघंतिघं हसले. तू दोन-दहाच्या गाडीने निघून गेलीस. मी तुझ्या समोरच बसले होते, व्रोनी. काळा स्कार्फ, समोर सूप, आणि तोंडाला कुलूप. तुझ्या बापाला निरोप द्यायला आलेली तू, आणि तुझ्या बाजूने बोलणारं एक माणूस त्या खोलीत होतं, ते बोललं नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी तळघर आवरायला काढलं. बाबांच्या हत्यारांच्या फळीवर, रंगाच्या डब्यांच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुझ्या वेष्टनातले दोन संच. एक जसाच्या तसा, बारा पेन्सिली आत, वर बुडांची रांग, सांधा इतका घट्ट की मी नखाने ओढून पाहिलं तर कागदच सोलायला लागला. दुसऱ्याची कड पूर्ण उघडी. त्या उघड्या कडेवर वाळलेल्या डिंकाचे तीन ठिपके. एक वर, एक मध्ये, एक खाली. दोन्हींवर बाबांनी सुताराच्या जाड पेन्सिलीने एकेक शब्द लिहिला होता. पहिल्यावर 'व्रोनी'. दुसऱ्यावर 'बुर्गल'. दुसरं काही नाही, तारीखसुद्धा नाही. दुपारची घंटा होईपर्यंत मी तळघराच्या पायरीवर बसून होते.

तळाचं तुझं खोकं त्यांनी उघडलं असणार. शंभरच्या शंभर शाबूत असणार. आणि माझे तीन ठिपके ते चाळीस नाताळ बघत आले होते, त्यांना ओळखायला काय लागतं. सहा वर्षं त्यांना माहीत होतं. त्यांनी मला विचारलं नाही, आणि तुला सांगितलं नाही. माझी लाज झाकायला त्यांनी तुला गमावलं, असं मी म्हणते. त्यात त्यांच्या भट्टीचाही थोडा फायदा होता, हेही मी नाकारत नाही, तूही त्यांना ओळखायचीस. पण गेल्या ऑक्टोबरात, ते स्वयंपाकघरातल्या बाकावर पडून असायचे तेव्हा, मी मृतांच्या दिवसाच्या मिस्सेसाठी फादरांना द्यायची पाकिटं चिकटवत होते. बराच वेळ माझ्या हातांकडे बघून ते म्हणाले, "एकदा तरी सलग रेघ ओढ गं." मी म्हणाले, डिंक काय फुकट येतो? ते हसले, आणि मग खोकतच राहिले. मला वाटलं, आजारी माणूस, काहीतरी बोलतोय.

पवित्र शनिवारी मी पापनिवेदनाला गेले. त्याआधी सहा वर्षं दर महिन्याला तिथे गुडघे टेकून मी काय सांगत आले, तर मी चिडले, मी हिल्डेची निंदा केली, मला जपमाळ म्हणताना झोप लागली. या वेळी हे सांगितलं. फादरांनी माझं पूर्ण नाव घेतलं. म्हणाले, "देवाला सांगितलंत, चांगलं केलंत. पण वाल्बुर्गाबाई, देव काही पेन्सिली बांधत नव्हता." प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिलीच नाही त्यांनी. म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे काय करायचं. ते एप्रिलमध्ये. आता सप्टेंबर आहे. मध्ये बावीस रविवार गेले, बावीस वेळा तू फोन केलास, आणि बावीस वेळा मी गुडघ्याचं सांगितलं.

तर हे पत्र एवढ्यासाठी. तुझी घडी बरोबर होती. कागद ताणत नव्हता. रेघ मी तोडली ती डिंक वाचवायला नाही, तेवढं मात्र खरं मान. मला वाटलं, कुठलीतरी आई घरी हा संच सोडेल, असा जाड छान कागद, सलग चिकटवला तर तिला तो फाडावा लागेल. तीन ठिपके दिले तर सुरी सरकवून अख्खा सुटेल, खणात अंथरेल, पुस्तकाला घालेल. तुझ्या कामात मी माझ्याकडून एक चांगली गोष्ट घालतेय असं समजून मी तीनशे वेळा ते केलं, तुला न विचारता. तू परत ये असं मी म्हणत नाही, ते मागायचा हक्क मी गमावलाय. धाकट्या मालकांना हवं तर हो म्हण, हवं तर नाही म्हण, पण 'मी चुकले होते' असं म्हणून नाही म्हणू नकोस. दोन्ही संच पार्सलमध्ये आहेत, बाबांच्या अक्षरासह. धाकट्या मालकांना मी आजच चिठ्ठी लिहून बिघाड कुणाचा ते कळवणार होते, पण आधी तुझा फोन येऊ दे. नाही आला, तर तीस तारखेच्या आधी मी स्वतः जाऊन सांगेन, गुस्टललाही, खानावळीत, सगळ्यांसमोर. आणि या पत्राचं पाकीट उघडताना तुला ते फाडावं लागलं असेल. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवलंय, मध्ये कुठेही न तोडता. कागद जपू नकोस.

तुझीच,
आई